शवविच्छेदनाचा अहवाल पुढची आत्महत्या टाळायला उपयोगी पडतो का?

तुम्ही विचारलंय की पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा (तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे नमुने) हे सगळं माणूस गेल्यावरचं. त्यातून पुढचा जीव वाचतो का? वाचू शकतो. जळगाव जिल्ह्यात, कपाशीच्या पट्ट्यात, मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात शवविच्छेदनं केली, म्हणून लिहितोय.

विषबाधा असली की आम्ही मृत्यूचं कारण तपासणी होईपर्यंत राखून ठेवतो आणि व्हिसेराच्या बरण्या पोलिसांच्या ताब्यात देतो. सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, कधी कधी काही महिन्यांनी येतो. त्यात रसायनाचं नाव असतं. ते फाइलला लागतं, अकस्मात मृत्यूचं प्रकरण बंद होतं आणि तालुक्यात शेतीचं कुठलं औषध किती जीव घेतंय ते कुणी मोजत नाही. मला याचाच सगळ्यात जास्त त्रास व्हायचा.

श्रीलंकेनं ते मोजलं. कोणत्या कीटकनाशकानं माणसं दगावतात ते पाहून अतिविषारी औषधं टप्प्याटप्प्यानं बंद केली; 1995 आणि 1998 चे निर्णय त्यातले मोठे. पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं, आणि शेतीचं उत्पन्न काही कोसळलं नाही. टोकाचा क्षण बहुतेकदा थोडा वेळच असतो. त्या वेळी घरात जे आहे ते कमी घातक असेल, तर माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचतो. वाचलेले बहुतेकजण पुढे आत्महत्येनं जात नाहीत.

औषध ठेवायला घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटा, असंही सुचवतात. मलाही ते पटायचं. पण श्रीलंकेतच गावोगावी पेट्या देऊन मोठी चाचणी झाली, 2017 मध्ये निष्कर्ष आले, आणि फरक दिसला नाही.

नातेवाईक हात जोडायचे, "डाक्टर साहेब, फवारताना अंगावर गेलं असं लिहा ना." त्यांची भीती कळायची. पण फवारणीतली विषबाधा वेगळी, तिचे उपाय वेगळे. सरमिसळ झाली की दोन्हीकडचा हिशोब चुकतो. पंचनाम्यातही 'कर्ज', 'दारू', 'घरगुती वाद' असा एकच शब्द पुरत नाही. औषध कुठून आलं, आधी कुणाला काही बोलला होता का, दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला, हे काही आठवड्यांनी घरच्यांशी शांतपणे बसून विचारायला हवं.

जिल्ह्यातले डॉक्टर, पोलीस आणि कृषी अधिकारी वर्षातून एकदा सगळे सीए रिपोर्ट घेऊन एकत्र बसले, तरी पुष्कळ कळेल.

तुमच्या घरात कुणाची काळजी असेल तर 14416 वर फोन करा; टेलि-मानस, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. पोलीस केसच्या धाकानं दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी गृहीत धरतात.