सेसना १७२ घेऊन तंबूत राहायला जायचं, तर झोपायचं हलकं सामान कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की सिएटलजवळ राहता, एका जुन्या १७२ एन मध्ये तुमचा हिस्सा आहे, आणि जुलैअखेर नवरा-बायको दोघं आयडाहोतल्या जॉन्सन क्रीकच्या धावपट्टीवर उतरून विमानाशेजारी तंबू टाकणार आहात. झोपायचं सामान जमेल तितकं हलकं हवंय. मी त्याच भागात माझी १७२ घेऊन जाते, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढणाऱ्यांच्या याद्या वाचून खरेदी करू नका. त्यांना वजनही नडतं आणि जागाही. आपल्याला फक्त वजन नडतं. दोघंच जाणार म्हणजे मागची सीट रिकामी, शिवाय तिच्यामागे सामानाची जागा. त्यामुळे मुठीत मावणाऱ्या वस्तूंसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. दुसरं म्हणजे, रात्री नीट झोप झाली नाही तर ट्रेकर सकाळी थोडा हळू चालेल. तुम्हाला मात्र डोंगरांमधल्या अरुंद दरीतून विमान बाहेर काढायचंय. आयएमसेफ, म्हणजे उड्डाणाआधी वैमानिकाने स्वतःची अवस्था तपासायची चेकलिस्ट; तिच्यातला एफ म्हणजे फटीग, थकवा, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. तंबूतल्या रात्रीनंतर तो खरोखर तपासावा लागतो. म्हणून उबेत काटकसर करायची नाही, असं माझं ठाम मत आहे. वजन कमी करायचं ते बाकीच्या पसाऱ्यातून.

तो पसारा म्हणजे पंपासकट डबल एअरबेड, आतून फ्लॅनेल लावलेल्या चौकोनी स्लीपिंग बॅगा, घरच्या उशा. दोघांचं हे अंथरूण-पांघरूण सहज बारा किलोंवर जातं. नीट निवडलंत तर तेच काम साडेतीन-चार किलोंत होतं. वाचलेले आठ किलो म्हणजे जवळपास तीन गॅलन पेट्रोल (अ‍ॅव्हगॅसचा गॅलन ६ पौंडांचा, म्हणजे २.७ किलोंचा), आणि १७२ ला तीन गॅलन म्हणजे वीसेक मिनिटांचं उड्डाण. डोंगरात ही वीस मिनिटं फार मोलाची.

कागदावर १७२ एन चं कमाल वजन २,३०० पौंड आणि सामानाच्या जागेची मर्यादा १२० पौंड. दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या धरूनही तुम्ही त्यात बसाल. पण जॉन्सन क्रीकची उंची ४,९०० फुटांवर आहे. दुपारी पारा ३० अंशांवर गेला की तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा किती उंचीवरच्याइतकी विरळ आहे तो आकडा) आठ हजार फुटांच्या आसपास पोचते, आणि १६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तिथे कमाल वजनाच्या जवळ जाऊ देऊ नये. भारतात जाताना बॅगा तोलायला हुकाचा काटा घरी असेलच; त्यावर प्रत्येक वस्तू स्वतः तोला. लेबलवरच्या वजनात बऱ्याचदा पिशवी, पंप, दुरुस्तीचं सामान धरलेलं नसतं.

आता खरेदी. सुरुवात खालून करा, म्हणजे मॅटपासून. बहुतेक जण स्लीपिंग बॅगवर पैसे ओततात आणि मॅट मिळेल ती उचलतात, तिथेच गणित चुकतं. बॅगेत भरलेल्या पिसांची ऊब त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे असते. आपण अंगाखाली ती पिसं चपटी केली की हवा गेली, ऊबही गेली. पाठीच्या बाजूने तुम्हाला वाचवते ती फक्त मॅट. गारवा अडवायची तिची क्षमता आर-व्हॅल्यूने मोजतात (आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त), आणि आता बहुतेक चांगल्या कंपन्या एकाच प्रमाणित, एएसटीएम पद्धतीने ती मोजत असल्यामुळे दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येते. आयडाहोसाठी चारच्या खाली जाऊ नका. थर्मारेस्टची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ४.५ ची आहे आणि नेहमीच्या साइझमध्ये वजन जेमतेम ३७० ग्रॅम. साधा डबल एअरबेड जाड दिसतो, पण आत नुसती मोकळी हवा खेळत असते. ती जमिनीचा गारवा थेट पाठीपर्यंत आणून पोचवते.

त्या मॅटखाली घडीची फोमची मॅट घाला. झेड लाइट सोल आर २ ची आहे, ४१० ग्रॅम. आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, म्हणजे दोन्ही मिळून साडेसहा. ट्रेकर तिला नाक मुरडतात कारण ती सॅकबाहेर लटकते. आपल्या मागच्या सीटवर ती आरामात बसते. वरच्या मॅटला भोक पडलं तरी रात्र निभावते, आणि सकाळी प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीला, दवाने भिजलेल्या गवतात गुडघे टेकून टाकीतलं थोडं पेट्रोल तपासायला काढताना (फ्युएल ड्रेन) हीच मॅट खाली घेता येते.

हवेच्या मॅटबद्दल एक खास विमानातलं. ती गुंडाळून व्हॉल्व बंद करून ठेवू नका. दहा हजार फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो. आत उरलेली हवा फुगते आणि शिवणींवर ताण येतो. व्हॉल्व उघडा ठेवूनच पॅक करा. भरताना तोंडाने फुंकू नका, आत ओल जाते. सोबतची पंपाची पिशवी वापरा. संध्याकाळी टणक वाटलेली मॅट मध्यरात्री मऊ पडते ती आतली हवा गार होऊन आकसल्यामुळे. गळती असेलच असं नाही. झोपायच्या अगदी आधी दोन दमांची हवा आणखी भरा.

स्लीपिंग बॅग घेताना नावातला आकडा सोडा आणि आतलं लेबल वाचा. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तिथे कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान) आणि लिमिट (जेमतेम निभावेल ते) असे दोन आकडे असतात, आणि नावात बऱ्याचदा लिमिट टाकलेला असतो. दुकानात २० फॅरनहाइट म्हणून विकली जाणारी बॅग कम्फर्टला साधारण शून्य ते उणे एक सेल्सियसची निघते. तुमच्या पत्नीला थंडी लवकर वाजत असेल तर कम्फर्टचाच आकडा धरा. मला वाजते, मी तोच धरते. जॉन्सन क्रीकची पट्टी दरीच्या तळाशी, ओढ्याच्या काठी आहे. रात्री उतारांवरची गार, जड हवा खाली घरंगळत येऊन तिथेच साचते, त्यामुळे जुलैतही पहाटे पारा पाच अंशांखाली गेला तर नवल वाटायला नको. शून्य कम्फर्टची, ८०० फिल पॉवरच्या (पिसं किती फुलतात त्याचं माप) आसपासची डाउन, म्हणजे पिसांची, बॅग किलोभराची असते. दोघांनाही तशी एकेक पुरेल.

ओशकोशच्या विमानमेळ्याला जाणार असतात तर उत्तर वेगळं असतं. विस्कॉन्सिनमधल्या जुलैच्या रात्री उबदार आणि दमट, शिवाय गडगडाटी पाऊस; तिथे पिसांपेक्षा पातळ सिंथेटिक क्विल्ट बरी. घरची गोधडी न्यायचा मोह मात्र दोन्हीकडे टाळा. सुती कापड दव पितं, वाळता वाळत नाही, आणि एकच गोधडी दोन किलोंची भरते.

उशीसाठी शंभर ग्रॅमच्या आतली फुगवायची उशी पुरे, वरून फ्लीस गुंडाळा.

डाउन बॅग छोट्या पिशवीत दाबून भरू नका, मोठ्या सैल पिशवीत ठेवा. जागा आहे तर पिसांना का छळायचं? हलकं अंथरूण मागे, जड वस्तू पुढच्या सीटच्या मागे पट्ट्याने बांधून, आणि सगळ्यावर जाळी. विमान बांधायचे खुंटे आणि दोर जड असले तरी ते वगळून वजन वाचवू नका. आणीबाणीत स्लीपिंग बॅग कामी येईल, पण तिच्यावर विसंबू नका: लोकेटर बीकन, लायटर, शिट्टी अंगावरच्या जॅकेटमध्येच हवी.

पंखाखाली तंबू लावणार असाल तर उजव्या पंखाखाली लावा. १७२ चा फ्युएल व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जायची नळी, डाव्या पंखाखाली, पंखाला आधार देणाऱ्या स्ट्रटजवळ असतो. टाक्या भरलेल्या असताना ऊन लागलं की तिथून पेट्रोल ठिबकतं, आणि ते तंबूवर, अंथरुणावर नको. स्टोव्हही विमानापासून बराच लांब पेटवा.

निघायचं ते हवा गार असताना, म्हणजे सकाळी लवकर. तेव्हा तंबू दवाने चिंब असणार. तो वेगळ्या पिशवीत भरा, अंथरुणाबरोबर नको. आणि परतीच्या वेट अँड बॅलन्समध्ये, म्हणजे विमानाच्या वजन-तोलाच्या हिशेबात, त्याचं ओलं वजन धरा, कोरडं नाही.