वाचकांचे प्रश्न : बोल्ट किती आवळायचा?

द्राक्षांचा हंगाम उरकला की दिंडोरी-निफाडकडच्या पिकअप गाड्या गॅरेजला लागतात. या वेळी आलेल्या पत्रांत बोल्ट आवळण्याबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझ्या डिझेल पिकअपचे हेड गॅस्केट बदलले आणि तीन महिन्यांत पुन्हा गेले. मिस्त्री जुना-जाणता आहे, पण बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळतो. टॉर्क रेंच वापरला नाही म्हणून असे झाले असेल का?
— एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर : तसे असण्याची शक्यता बरीच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका.

हेड म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारा वरचा भाग आणि गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधली फट बुजवणारा पातळ थर. हेडचा बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा हेडला ब्लॉकवर ओढून धरतो. गॅस्केट टिकते ते या ओढीमुळे. ही ओढ आपल्याला थेट मोजता येत नाही, म्हणून आपण टॉर्क, म्हणजे बोल्ट फिरवायला लावलेला जोर, मोजतो; टॉर्क रेंच हा तो मोजणारा पाना. अडचण अशी की पान्याला लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० ते १५ टक्के. आट्यांत गंज किंवा जुने सीलंट असेल तर पाना कडक लागतो, हाताला बोल्ट 'बसला' असे वाटते, पण ओढ कमीच राहते. घर्षण कुठे संपले आणि ताण कुठे सुरू झाला, हे कितीही मुरलेल्या हाताला वेगळे कळत नाही. मिस्त्रीच्या अनुभवाला यात कमीपणा नाही. हाताने मोजण्यासारखी ही गोष्टच नाही.

तुमच्या गाडीचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा असेल, तर तापल्यावर हेड ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. परतीचे भाडे भरून कसाऱ्याचा घाट चढताना इंजिन तापते, घरी आल्यावर गार होते. प्रत्येक वेळी हेड गॅस्केटवर सूतभर सरकू पाहते. सगळे बोल्ट सारखे ताणलेले असतील तर गॅस्केट हे सहन करते. एखाद्या कोपऱ्यात ओढ कमी असेल तर सिलिंडरभोवतीची कडी तिथेच हळूहळू दबते आणि एक दिवस वाट फुटते.

आता हेड पुन्हा उतरवाल तेव्हा मिस्त्रीजवळ उभे राहून एवढे पाहा. इंजिन पूर्ण गार हवे. बोल्ट सोडताना बाहेरच्यांपासून सुरुवात करून मध्याकडे यायचे आणि प्रत्येक बोल्ट थोडा थोडा सैल करायचा; एकदम एका बाजूने सोडले तर हेड वाकते. हेड आणि ब्लॉक दोन्हींवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट मोजायची. मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बऱ्याच छोट्या इंजिनांत ती ०.०५ मि.मी.च्या आसपास असते. त्याहून जास्त फट असेल तर हेड मशीनवर घासून घ्यावे लागते. वाकडे हेड आवळून सरळ होत नाही.

मग बोल्टची भोके. इथे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भोक आरपार नसेल आणि तळाशी ऑइल किंवा कूलंट साचले असेल, तर बोल्ट खाली जाताना त्याच्यावर दाब येतो. पण द्रव दबून लहान होत नाही. टॉर्क रेंच 'टक' करतो, बोल्ट मात्र पूर्ण बसलेला नसतो. कधी कधी ब्लॉकलाच तडा जातो. प्रत्येक भोकात हवेचा झोत मारून ते कोरडे करा आणि डोळ्यांवर गॉगल लावा, कारण घाण सरळ तोंडावर उडते. आट्यांतला मळ काढायला आटे पाडणारा टॅप फिरवू नका, तो धातूही कापतो आणि आटे सैल होतात. नुसते आटे साफ करणारा चेझर वापरायचा.

आवळताना मधल्या जोडीपासून सुरू करून आलटून पालटून बाहेर जायचे. मॅन्युअलमध्ये ९० न्यूटन-मीटर (टॉर्कचे एकक) दिले असेल आणि टप्पे वेगळे सांगितले नसतील, तर आधी सगळे बोल्ट ३०ला, मग सगळे ६०ला आणि शेवटी ९०ला.

अलीकडच्या पुष्कळ इंजिनांत आकडा वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो, उदाहरणार्थ '४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश'. सुरुवातीचा टॉर्क फक्त सगळे बोल्ट सारखे टेकवण्यासाठी असतो. पुढचे काम कोन करतो. एम१० (१० मि.मी. व्यासाच्या) बोल्टचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मि.मी. असेल, तर ९० अंश म्हणजे बोल्ट ०.३१ मि.मी. पुढे जाणार. घर्षण कमी असो वा जास्त, हे अंतर तेवढेच राहते, म्हणून ही पद्धत नुसत्या टॉर्कपेक्षा भरवशाची आहे. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एकाच दिशेला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, म्हणजे कुठला बोल्ट राहिला ते लगेच दिसते. असे बोल्ट बहुधा कायमचे ताणले जातील इतके आवळलेले असतात. ते परत वापरायचे नाहीत. काही कंपन्या बोल्टची कमाल लांबी देतात आणि तिच्या आत असेल तर पुन्हा वापरू देतात. तशी स्पष्ट सूचना नसेल तर नवा संच घ्या. इथे वाचवलेले पैसे दुसऱ्या गॅस्केटमध्ये जातात.

'पाचशे किलोमीटरनंतर परत आवळून घ्या' हा सल्ला जुन्या पद्धतीच्या गॅस्केटसाठी होता. कोनाने आवळलेल्या बोल्टना नंतर हात लावू नका, मॅन्युअलने सांगितले असेल तरच लावा.

आणि थर्मोस्टॅट, रेडिएटरचे झाकण आणि पंखा तपासल्याशिवाय गाडी पुन्हा घाटात नेऊ नका. इंजिन मुळातच तापत असेल तर बोल्ट कितीही नीट आवळले तरी गॅस्केट पुन्हा जाईल.

प्रश्न : बोल्टला ऑइल लावून आवळावे की कोरडाच? आमच्याकडे दोघे दोन तऱ्हेने सांगतात.
— एक आयटीआय विद्यार्थी, सातपूर

उत्तर : मॅन्युअल जसे सांगते तसे. हे टाळाटाळीचे उत्तर नाही, का ते हिशेबाने पाहा.

टॉर्क म्हणजे घर्षणावर अवलंबून असलेला एक गुणांक (नट फॅक्टर) गुणिले बोल्टचा व्यास गुणिले ओढ. कोरड्या, साध्या बोल्टसाठी गुणांक साधारण ०.२० धरतात, ऑइल लावलेल्यासाठी ०.१५च्या आसपास. एम१० बोल्ट ५० न्यूटन-मीटरला आवळला, तर कोरड्याची ओढ २५,००० न्यूटन येते, म्हणजे सुमारे अडीच टन. तोच बोल्ट, तोच टॉर्क, फक्त ऑइल लावले, तर ओढ ३३,००० न्यूटनच्या वर जाते, म्हणजे जवळजवळ ३.४ टन. रेंचवर दोन्ही वेळा आकडा ५०च दिसतो.

आता बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेले असेल, तर त्याचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६४० न्यूटनला कायमचे ताणायला लागते. एम१०चे ताण घेणारे क्षेत्र ५८ चौरस मि.मी. धरले, तर ही मर्यादा सुमारे ३७,००० न्यूटन होते. कोरडा बोल्ट मर्यादेच्या दोन तृतीयांशावर होता, ऑइल लावलेला ९० टक्क्यांवर गेला. शिवाय आवळताना बोल्टला पीळही बसतो, त्यामुळे प्रत्यक्षात मर्यादा आणखी जवळ असते. आकडा कोरड्यासाठी असताना ऑइल लावले तर बोल्ट तुटू शकतो. ऑइलसाठी असताना कोरडा आवळला तर ओढ कमी पडते. ग्रीस, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप), थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) यांनीही गुणांक बदलतो. मॅन्युअलने ऑइल लावायला सांगितले असेल, तर आट्यांबरोबर डोक्याच्या खालच्या बाजूलाही हलका हात फिरवा, कारण निम्मे घर्षण तिथे आहे.

प्रश्न : पंक्चरवाला हवेच्या गनने चाकाचे नट आवळतो. चालेल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : टेकवायला चालेल, शेवटचे आवळायला नाही. गनने प्रत्येक नट वेगवेगळ्या जोराने आवळला जातो. डिस्कवर असमान दाब येतो, पुढे ब्रेक दाबल्यावर थरथर जाणवते आणि रस्त्यात टायर बदलायची वेळ आली तर गाडीतल्या पान्याने नट सुटत नाहीत. चाक जमिनीला टेकल्यावर समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर. स्टडला ऑइल-ग्रीस नको. अलॉय व्हील असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा पाहा.

प्रश्न : टॉर्क रेंच घ्यायचा आहे. एकच घेतला तर सगळी कामे होतील का? आणि तो बरोबर आहे हे कसे कळणार?
— एक गॅरेजचालक, नाशिकरोड

उत्तर : एकात भागत नाही. क्लिक पद्धतीचा रेंच त्याच्या कमाल मर्यादेच्या खालच्या २० टक्क्यांत भरवशाचा नसतो. २०० न्यूटन-मीटरचा रेंच ४०च्या खाली वापरू नये, आणि इंजिनावरचे कितीतरी बोल्ट १० ते ३०चे असतात. ५ ते २५चा एक छोटा आणि ४० ते २००चा एक मोठा घ्या. मधल्या आकड्यांसाठी पुढे २० ते १००चा घेता येईल.

एकक तपासल्याशिवाय आकडा लावू नका. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. बऱ्याच रेंचवर दुसरी पट्टी फूट-पौंडाची असते; ५० न्यूटन-मीटरच्या जागी ५० फूट-पौंड लावले तर बोल्टला ६८ न्यूटन-मीटर बसतात. छोटे बोल्ट तुटण्यामागे हे कारण वारंवार दिसते.

मूठ मधोमध धरून सावकाश, एका ओढीत ओढा. 'टक' झाले की थांबा. खात्रीसाठी दोन-तीनदा टकटक करायची सवय घातक आहे, दर वेळी बोल्ट थोडा पुढे जाऊ शकतो. ओढ मध्येच थांबली तर तिथून पुढे सुरू करू नका, कारण थांबलेला बोल्ट हलवायला जास्त जोर लागतो आणि रेंच आधीच टक करतो. बोल्ट अर्धा फेरा सोडून परत एका ओढीत आवळा. मुठीला पाइप लावू नका. सॉकेटला सरळ उभा एक्स्टेन्शन लावल्याने आकडा बदलत नाही. पण क्रोफूट (रेंचच्या टोकाला लावायचे उघड्या तोंडाचे पान्याचे डोके) पुढच्या दिशेने लावला तर लांबी वाढते: रेंच ४०० मि.मी. आणि क्रोफूट ५० मि.मी. असेल, तर ४५ न्यूटन-मीटरसाठी रेंच ४०ला लावायचा. तोच क्रोफूट ९० अंशात आडवा लावला तर फरक पडत नाही.

काम झाल्यावर रेंच पट्टीवरच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली पिळू नका. या रेंचने बोल्ट सोडायचे नाहीत. १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला आयएसओ ६७८९ मानकाप्रमाणे ४ टक्के इकडे-तिकडे चालते, आणि कॅलिब्रेशन (प्रमाणित मापाशी पडताळणी) वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल ते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे कॅलिब्रेशनची सोय आपल्याकडे शहरातच आहे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा पाहा आणि रेंच किती चुकतो याचे आकडे लिहिलेला अहवाल मागून घ्या. रेंच हातातून जमिनीवर पडला असेल तर वर्षाची वाट पाहू नका.

प्रश्न : टॅपेट कव्हरमधून ऑइल झिरपते. दोनदा आवळले, तरी गळती वाढलीच.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आवळल्यामुळेच वाढली असावी. टॅपेट कव्हर म्हणजे हेडच्या वरचे झाकण. त्याचे बोल्ट बहुधा एम६चे असतात आणि त्यांना १० न्यूटन-मीटरच्या आसपासच टॉर्क लागतो, म्हणजे छोट्या रॅचेटवर मनगटाचा जोर. जास्त आवळले की कव्हर बोल्टजवळ खाली वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचलले जाते. झिरपणे तिथूनच होते. कव्हर काढून सपाटी पाहा, रबरी गॅस्केट कडक झाले असेल तर नवे टाका आणि मध्यापासून बाहेर, दोन टप्प्यांत आवळा.

प्रश्न : स्पार्क प्लग बसवताना अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे गेले. हेड बदलावे लागेल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : बहुतेक वेळा लागत नाही. आट्यांच्या जागी पोलादी इन्सर्ट बसवता येतो. हेड उतरवून केले तर उत्तम. जागेवरच करायचे असेल, तर त्या सिलिंडरचा पिस्टन खाली आणा, टॅपच्या खाचांत भरपूर ग्रीस भरा आणि दर फेऱ्याला टॅप बाहेर काढून पुसा. अ‍ॅल्युमिनियमचा कीस ग्रीसला चिकटून येतो. तारेच्या इन्सर्टला खाली एक छोटी जिभली असते. ती तोडताना सिलिंडरमध्ये पडू देऊ नका, लांब चिमट्याने धरूनच तोडा. प्लगसाठी जिभली नसलेली भक्कम बुशही मिळते आणि आमच्या मते तीच घ्यावी. शेवटी उरलासुरला कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या.

नवा प्लग आधी सॉकेटमध्ये धरून नुसत्या बोटांनी फिरवा. तो पूर्ण खालपर्यंत हाताने जायलाच हवा. दोन फेऱ्यांत अडकला तर तिरका लागला आहे, बाहेर काढा. १४ मि.मी. आट्यांच्या, वॉशरवाल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मि.मी.च्या प्लगला १५ ते २०. रेंच जात नसेल तर हाताने टेकल्यावर नवा प्लग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुनाच परत लावत असाल तर फक्त फेऱ्याचा बारावा भाग, कारण त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो. इंजिन गार असतानाच हे काम करा.