सेल्फ घेत नसेल तर आधी कान दे
अरे, गाडी सुरू होत नाही म्हणून लगेच सेल्फ मोटर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उतरवायला जाऊ नकोस. चावी फिरव आणि ऐक. भराभर ‘कटकटकट’ येत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी बसलेली असते. एकच ‘टक्’ होऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा तिच्यावरचा स्विच) किंवा मोटरवर संशय. काहीच आवाज नाही? फ्यूज आणि रिले (चावीच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा विद्युत स्विच) बघ. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, तेही लक्षात ठेव.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, बॅटरीच्या दोन्ही टोकांना लाव. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, आणि कुणाला तरी चावी मारायला सांग. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीच तपासून घे. १२ च्या वर ढिम्म राहिला, तर करंट मोटरमधून वाहतच नाहीये. इथे सगळे ‘अर्थ’चं (अर्थिंगचं, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हचं इंजिन-बॉडीशी असलेलं) कनेक्शन विसरतात. मीही विसरलो होतो! मोटरला नवे ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे, झिजणारे कार्बनचे तुकडे) टाकले, दोन रविवार घालवले आणि शेवटी गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या पट्टीचा बोल्ट गंजलेला निघाला. चावी मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं, तर तिथलीच जोडणी घासून साफ कर.

पान्याच्या दांड्याने मोटरवर हलकं ठोकल्यावर गाडी लागली, तर बहुधा ब्रश संपत आलेत. मोटर काढताना आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोड. मोटरची जाड केबल थेट बॅटरीवरून येते, मध्ये फ्यूज सहसा नसतो.