चालणं पुरतं की वजनंही उचलायची?

प्रश्न : ताई नमस्कार, मी 46 वर्षांची, राहते मुलुंडला आणि ऑफिस फोर्टला. आठवड्यातले सहा दिवस सकाळी पाऊण तास चालते, बाकी ट्रेन आणि घर. मध्यंतरी आई बाथरूममध्ये घसरली आणि मनगट फ्रॅक्चर झालं, हाडं ठिसूळ झालीत असं निघालं, तेव्हा डॉक्टर मलाच म्हणाले की तुम्ही आत्तापासून स्ट्रेंथ ट्रेनिंग करा. पण मला भीती वाटते की दंड पुरुषांसारखे होतील, स्टेशनचा जिना चढताना गुडघे आधीच कुरकुरतात आणि सासूबाई म्हणतात घरात एवढं उचलतेस, वाकतेस ते काय कमी आहे? वेळ पण नाही. चालणं पुरेसं नाही का? आणि आईने काही करावं का, ती 71 ची आहे.

उत्तर : चालणं अजिबात सोडू नका, पण डॉक्टर बरोबर सांगतायत. वेळच नसेल तर मी म्हणेन की चालण्याचे दोन दिवस काढा आणि ते वजनांना द्या. तुमचं चार दिवसांचं चालणं तरी 180 मिनिटं होतंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला हे बऱ्याच जणींना माहीत असतं, पण त्यातच आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करा असंही आहे, ते बायकांना कोणी सांगतच नाही आणि याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या वयात हे जास्तच गरजेचं आहे. पाळी थांबायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि हाड नवीन बनण्यापेक्षा झिजायला जास्त लागतं. स्नायूने हाडाला जोरात ओढलं, त्यावर नेहमीपेक्षा जास्त भार आला तरच ते भरतं, आणि रोजच्या चालण्याची हाडांना सवय झालेली असते. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला, त्यात पाळी थांबलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या बायकांनी 8 महिने आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा अर्धा तास, ट्रेनरच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली आणि त्यांच्या मणक्याची घनता वाढली. ज्यांना घरी हलका व्यायाम दिला होता त्यांची घटली.

दंडांचं म्हणाल तर तसे स्नायू फुगायला लागणारं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन बायकांमध्ये पुरुषांपेक्षा खूपच कमी असतं. मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये 115 किलो डोक्यावर उचलून रौप्यपदक घेतलं ते 49 किलोच्या गटात, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त! एवढी वर्षं एवढी मेहनत करूनही ती तेव्हा 49 मध्येच होती, तर आठवड्यातल्या दोन दिवसांनी तुमचं काय होणार.

सासूबाईंना सांगा की घरकामाने दमायला होतं हे खरंच आहे, पण पिठाचा डबा गेल्या वर्षी जेवढा जड होता तेवढाच आजही आहे. ताकद वाढते ती वजन हळूहळू वाढवत नेलं की.

सुरुवात घरीच करा. खुर्चीत बसून हात न टेकता उठा, भिंतीला हात लावून पुशअप मारा, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून जमिनीवरची भरलेली पिशवी उचला, दोन्ही हातात पिशव्या घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारा. प्रत्येक प्रकार 8 ते 12 वेळा, दोन सेट, म्हणजे थोडं थांबून पुन्हा तेवढेच, आणि शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, नाहीतर वजन कमी आहे असं समजा. वजन म्हणून पाण्याने भरलेली 2 लिटरची बाटली चालेल, ती साधारण 2 किलोची होते, पण ती लवकरच हलकी वाटायला लागेल, मग डंबेल्स घ्या किंवा सोसायटीची जिम असेल तर तिथे जा आणि पहिले काही आठवडे पैसे देऊन का होईना पण नीट शिकवणारी ट्रेनर बघा. श्वास रोखून धरू नका, बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकदोन दिवस अंग दुखेल ते चालतं, सांध्यात कळ आली तर थांबा.

गुडघ्यांसाठी तर हे हवंच, मांडीचे स्नायू मजबूत झाले की जिन्यावर गुडघ्याला आधार मिळतो. फक्त सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी फिजिओला दाखवा. आणि खाण्याकडे बघा, वजन 60 किलो असेल तर रोज किमान 50 ग्रॅम प्रोटीन लागतं, एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं, त्यामुळे चहा-पोळी खाऊन 8 ची लोकल पकडली तर ते कुठून होणार?

आईंनी पण नक्की करावं. 1990 साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून 8 आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं होतं आणि त्यांच्या पायातली ताकद दुपटीहून जास्त वाढली. पण आईंचं मनगट पूर्ण भरू दे, फिजिओला विचारूनच सुरू करा, आणि हाडं ठिसूळ आहेत म्हणून पाठ वाकवून पुढे झुकायचे आणि कमरेत पिळायचे प्रकार नकोत. ओट्याला धरून टाचा वर-खाली करणं आणि खुर्चीतून उठणं-बसणं, एवढ्याने सुरुवात करा, आणि पहिल्यांदा तुम्ही शेजारी उभ्या राहा.