शरदाला पानगळ नसते

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

मिडटर्मनी डोकं भणभणलंय, वर्गातले सगळे डोंगरावरची लाल झाडं बघायला निघालेत, आणि तू विचारतेस, ‘आई, आपल्यात फॉलचं काही असतं का गं?’

असतं, पण पानांचं नाही. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. मॅसॅच्युसेट्समध्ये मेपल लाल होतात तेव्हा महाराष्ट्रात शरद असतो, आणि झाडं हिरवीगार. दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो ती आपट्याची पानंसुद्धा हिरवीच! पावसानं हवा धुऊन काढलेली, आभाळ निवळलेलं. पण दिवसा ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं. शरदात पित्त खवळतं, असं आयुर्वेदही सांगतो. म्हणून या ऋतूचं सुख रात्रीचं. दसऱ्यानंतर पाचेक दिवसांनी कोजागिरी: चांदणं आणि आटीव दूध. ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. पुस्तक उघडून जागलेलं त्यात धरू नये, हे माझं मत.

दोघींपुरतं अर्धा लिटर होल मिल्क घे. पातेलं जाड बुडाचं हवं. आधी पाण्यानं विसळ आणि न पुसता दूध ओत, म्हणजे बुडाला कमी लागतं. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, कडेची साय आत ढकलत, पाऊणपट होईपर्यंत आटव. मायक्रोवेव्हच्या भानगडीत पडू नकोस, आटायच्या आधी उतू जाईल. साखर दोन-अडीच मोठे चमचे. मसाल्याला ८ बदाम, ८ पिस्ते, ३ वेलदोडे, चिमूटभर जायफळ. जायफळाचा हात सैल सुटला की दूध कडवट होतं. बदाम-पिस्ते चमचाभर साखरेबरोबर, मिक्सर थांबवत थांबवत फिरव. सलग फिरवलेस तर तेल सुटून गोळा होईल. केशर नसेल तर नसू दे.

मध्यरात्रीपर्यंत थांबायची गरज नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच उगवतो, म्हणजे तुझ्याकडे सहा-साडेसहाला. नऊपर्यंत तो झाडांच्या वर येतो. दुधात चंद्र पाहायचा असेल तर पसरट वाडगा घे, दिव्यापासून लांब बस, आणि चंद्राकडे तोंड करून मान खाली आण: तो जितका वर, तितक्याच तिरक्या नजरेनं वाडग्याकडे बघायचं. उभ्यानं वाकून बघणाऱ्याला फक्त दूध दिसतं. तिथल्या गारठ्यात साय पटकन धरते आणि चंद्र हरवतो, म्हणून दूध थर्मासमध्ये ने आणि बसल्यावरच ओत.

त्या रात्री ढग आले तर दुसऱ्या दिवशी बस. एरवी चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. तुमच्या अक्षांशावर या दिवसांत जेमतेम अर्धा तास. टोपी घाल. फोन खोलीत.

– आई