'लाइमलाइटमध्ये येणे' हा शब्दप्रयोग कुठून आला? त्यात लिंबाचा काय संबंध?

लिंबाचा काही संबंध नाही. इंग्रजीत चुन्यालाही लाइमच म्हणतात, आणि इथला लाइम तो. विजेचे दिवे येण्याआधी इंग्लंडच्या नाट्यगृहांत चुना तापवून त्याच्या उजेडाचा झोत नटावर टाकत. झोत ज्याच्यावर, त्याच्यावरच प्रेक्षकांच्या नजरा खिळणार. त्यावरून लोकांच्या नजरेत असणं म्हणजे लाइमलाइटमध्ये असणं.

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे या दिव्याबद्दल मला फार जिव्हाळा आहे. आपण पानाला लावतो तो चुना विरवलेला. दिव्याला लागायची ती चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना. ती वितळायला साधारण २,६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. म्हणून ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत तिच्यावर सोडली, की ती न वितळता पांढरीशुभ्र तळपू लागते. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश लष्करी अभियंत्याने १८२५ मध्ये आयर्लंडच्या भूमापनात हा दिवा एका डोंगरावर लावला, तो १०० किलोमीटरहून लांबच्या दुसऱ्या डोंगरावरून दिसला. पुढे १८३७ च्या सुमारास तो लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरात आला.

प्रत्येक दिव्यामागे एक माणूस उभा लागायचा. ज्योत एकाच जागी लागत राहिली की चुन्यात खळगा पडून उजेड उतरायचा, म्हणून चुन्याची कांडी सतत थोडीथोडी फिरवायची, दोन्ही वायूंच्या तोट्या सांभाळायच्या आणि नट चालू लागला की झोत त्याच्याबरोबर न्यायचा. वायू वेगवेगळ्या पिशव्यांत भरून वर वजनं ठेवत. दाब बिघडून ते नको तिथे मिसळले तर स्फोटच! हे सगळं सांभाळणाऱ्या त्या माणसाचं मला अतोनात कौतुक वाटतं.

गॅसच्या दिव्यांनी सगळा रंगमंच सारखाच उजळायचा. एकालाच वेगळं काढून दाखवायची ताकद या झोतात आली. इंग्रजी वाक्प्रचारातही ती छटा आहे: नाटक गाजलं तर लाइमलाइटमध्ये येतो तो नट, नेपथ्यकार बहुधा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या आर्क दिव्यांनी चुन्याची जागा घेतली. तरी ब्रिटिश नाट्यगृहांत नटाच्या मागे फिरणाऱ्या झोताला आजही 'लाइम' म्हणतात.