पोराला गिटार बनवायची आहे, काय करू?

खानापूरच्या एका फर्निचर दुकानदाराचं पत्र आलंय. 'मुलगा पीयूसी (बारावी) सायन्स झाला, बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमाची सीट मिळाली. पण मोबाइलवर मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार बघितली आणि डोक्यात तेच भरलं. तसली गिटार हातानं बनवायची, तोच धंदा करायचा म्हणतो. सुतारकाम नको म्हणून शिकवलं, तर परत लाकडाकडेच. काय करायचं सांगा की.'

नमस्कार. सीट सोडू देऊ नका, आणि त्याच्या हातातला रंधाही काढून घेऊ नका.

ही गिटार हवाई बेटांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या पोरानं तारांवर लोखंड सरकवून ती वाजवायला सुरुवात केली, असं मानतात. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये हर्मन वाइसनबॉर्न या जर्मन कारागिरानं पोकळ दांडीची अशी गिटार नावारूपाला आणली. आपण तिला हवाईयन गिटार म्हणतो. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं तेही मांडीवरच्या गिटारीवरच. म्हणजे ऐकणारा आहे. विकत घेणारा मात्र कमी, आणि तो खानापुरात नाही.

तरी शिकायला हे वाद्य निवडलंय ते बरं केलंय. साध्या गिटारीत दांडी आणि पडदे जुळवण्यात नवखा माणूस हरतो. इथं तारा दांडीपासून बऱ्याच उंच असतात, बोटानं दाबायच्याच नसतात, वरून लोखंडी दांडा फिरतो. पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा. तारेची लांबी ६३५ मिमी धरली तर तिला १७.८१७ नं भागायचं, पहिली रेघ ३५.६ मिमीवर. उरलेल्या लांबीला पुन्हा तसंच. सायन्सवाल्या पोराला एका दुपारचं काम. एखादी रेघ अर्धा मिमी चुकली तरी वाजवणारा कानानं सावरून घेतो.

खरी परीक्षा तबलीची, म्हणजे पुढच्या फळीची. जाडी तीनेक मिमी, आणि तिच्यावर सहा तारांचा मिळून साठ-सत्तर किलोंचा ताण. फार जाड ठेवली तर आवाज बसतो, पातळ केली तर ती घोडीपाशी, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीपाशी, फुगते. वाइसनबॉर्न यासाठी कोआ वापरायचा. कोआ हे हवाईतलं लाकूड, अकेशिया म्हणजे बाभळीसारख्या झाडांच्या कुळातलं, आणि वनखात्यानं आपल्याकडे लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ त्याच कुळातली! मी तिची गिटार ऐकलेली नाही, पण पोरानं पहिला तुकडा तिचाच तासून बघावा. शिसवीची घाई नको. कागदपत्रांशिवाय तिला हात लावायचा नाही. शिवाय परदेशी पाठवायचं तर शिसव २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंधाच्या यादीत आहे. २०१९ नंतर तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

आणि पावसाळा! जून ते सप्टेंबर तुमच्याकडे लाकूड पाणी पितं, हे तुम्हाला मी काय सांगू. माझ्याकडच्या एका गिटारीची पाठ एका श्रावणात कडेनं सुटली. बनवणाऱ्यानं ओलसर दिवसात चिकटवली होती, दुसरं काही नाही. चिकटकाम हिवाळ्यात, कोरड्या खोलीत.

शिकायचं कुठं? मिरज रेल्वेनं तुमच्यापासून काही तासांवर. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. सुट्टीत एखाद्या कारागिराकडे झाडू मारायलाही ठेवला तरी चालेल. जवारी काढताना, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा झंकार जुळवताना, कानानं काम कसं करतात हे त्याला तिथंच दिसेल. बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत लाकूडकामाचे छोटे वर्गही होतात. डिप्लोमा वाया जात नाही. अचूक मापं आणि साचे तिथंच हातात बसतात, आणि नाहीच जमलं तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत भाकरी आहे.

पोटापाण्याचं म्हणाल तर आधी दुरुस्ती. भजनी मंडळांच्या पेट्या, कॉलेजच्या पोरांच्या घोडी निघालेल्या गिटारी, खुंट्या सरकणारे तंबोरे. दुरुस्तीत पैसा लगेच येतो आणि दुसऱ्याच्या चुका फुकट शिकायला मिळतात.

तीन वर्षांत तीन गिटारी, एवढंच त्याच्याशी ठरवा. दुकानाचा एक कोपरा आणि लाकूड तुमचं, तारा-खुंट्या त्याच्या दुरुस्तीच्या पैशातून. तिसरी झाली की तारा पूर्ण ताणून एक पावसाळा भिंतीला टांगून ठेवा. दसऱ्यानंतर तबलीवर पट्टी आडवी ठेवून ती फुगली का बघा, आणि मला कळवा.